अल्बमला घाम का फुटतो?

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा येते. पावसाळ्यात पुराच्या बातम्यांमध्ये कारध्याच्या पुलाजवळची पाणीपातळी सांगतात, त्यामुळे गावाचे नाव तुम्ही ऐकलेही असेल. तिथे राहणाऱ्या आमच्या एका शिक्षक मैत्रिणीने एका हिवाळ्यात एक जुना अल्बम आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आमच्यापुढे ठेवला. दोन्ही तिच्या दादाचे. दादा आता नाही. शाळेत असताना त्याला कार्डे जमवण्याचा नाद होता. बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे, पैलवानांच्या उंची-वजनांची तुलना करत खेळायची ट्रम्प कार्डे, असे बरेच काही त्यात होते. ज्यांचे शालेय वय १९९० च्या आसपास गेले, त्यांना हा नाद समजावून सांगावा लागणार नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा त्यांच्या घरात पाणी शिरले. धान्य, गाद्या, पुस्तके भिजली. अल्बम आणि डबा पत्र्याखालच्या माळ्यावर होते म्हणून कोरडे राहिले. आता दादाचा मुलगा सहावीत गेला होता आणि त्याला बाबाची कार्डे शाळेत न्यायची होती. आत्याने अल्बम उघडला. पान उलटताना चर्र असा आवाज आला, कारण पाने एकमेकांना चिकटली होती. कव्हराला हात लावला तर तेलकट, एखाद्या घामेजल्या हातासारखे. एक कार्ड हलकेच बाहेर ओढले तर चेहऱ्याचा रंग निघून प्लॅस्टिकवर गेला. "आत्या, कपिल देव कव्हरलेच चिपकला!" असे तो पोरगा ओरडला आणि तिने अल्बम मिटून ठेवला.

तिचा प्रश्न साधा होता. पुराचे पाणी तर लागले नाही, वाळवी-कसर लागलेली नाही, मग हे झाले कशाने? आणि आता जुनी कव्हरे काढून नवी घालायची तर कोणती घालायची? पुन्हा तेच व्हायचे असेल तर उपयोग काय?

सगळा ऐवज आम्ही टेबलावर मांडला आणि एक गंमत लक्षात आली. कार्डांचे सरळ तीन गट पडत होते. डब्यातली कार्डे कसलेही कव्हर नसलेली, नुसती रबरबँड लावून ठेवलेली. त्यांचे कोपरे दुमडलेले, रबर वितळून वरच्या आणि खालच्या कार्डावर तपकिरी पट्टा उमटलेला, पण मधल्या सगळ्या कार्डांचे रंग शाबूत. दुसरा गट कुरकुर वाजणाऱ्या पातळ पारदर्शक पिशव्यांमधला. ही कार्डे आज आणल्यासारखी निघाली. तिसरा गट अल्बमच्या मऊ, जाड, गुळगुळीत कप्प्यांमधला. हा व्हिजिटिंग कार्डे ठेवायचा अल्बम होता आणि दादाने आपली सर्वांत लाडकी कार्डे त्यात ठेवली होती. शिवाय काही वर्षांपूर्वी बहिणीने त्यातल्या निवडक कार्डांवर आणखी एकेक मऊ कव्हर चढवले होते. सर्वांत वाईट अवस्था नेमकी याच कार्डांची होती.

तिन्ही गट एकाच माळ्यावर, एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात राहिलेले. कागद आणि शाई बरीचशी सारखी. फरक फक्त वेष्टनाचा. आपण वर्गात शिकवतो तसा, बाकी सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट बदललेला प्रयोग दादाने नकळत मांडून ठेवला होता, आणि तो तीसएक वर्षे चालला होता. निष्कर्षही स्पष्ट होता. दोष उन्हाचा किंवा दमटपणाचा एकट्याचा नाही, तो त्या मऊ प्लॅस्टिकचा आहे.

खरे तर हा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे, फक्त त्याची कार्डांशी सांगड घातलेली नसते. मुलांच्या कंपासपेटीत खोडरबर आणि पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी महिनोन्महिने शेजारी पडून राहिली की खोडरबर पट्टीला चिकटून बसते. ओढून काढले तर पट्टीवर खोलगट डाग दिसतो, जणू पट्टी तेवढ्या जागी वितळली होती. दुसरे उदाहरण मोठ्या माणसांचे. मऊ प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवलेली सातबाऱ्याची किंवा गुणपत्रिकेची झेरॉक्स काही वर्षांनी बाहेर काढली की अर्धी अक्षरे कागदावर आणि अर्धी उलटी होऊन प्लॅस्टिकवर! तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्यांना विचारून पाहा. खोडरबर, फाइल आणि अल्बम या तिन्ही ठिकाणी गुन्हेगार एकच आहे.

त्याची ओळख करून घ्यायची तर पी.व्ही.सी. म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडपासून सुरुवात करावी लागेल. कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी आणि तिच्यात एकाआड एक कार्बनला लटकलेला क्लोरीनचा अणू, अशी या रेणूची रचना असते. १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याने उन्हात राहिलेल्या व्हिनाइल क्लोराइडच्या नळीत तयार झालेल्या पांढऱ्या घन पदार्थाचे वर्णन केले. पण शुद्ध पी.व्ही.सी. कडक असते. शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. विहिरीवरच्या मोटारीचा पाण्याचा पाइप पाहा, तो आहे जवळजवळ असाच. त्यापासून अल्बमचे मऊ पान कसे करणार?

ही युक्ती अमेरिकेत वाल्डो सेमन याला १९२६ च्या सुमारास सापडली. पी.व्ही.सी. एका जड, सहजासहजी न उडणाऱ्या द्रवाबरोबर तापवले तर थंड झाल्यावर ते लवचीक राहते. द्रवाचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, त्यांना एकमेकींपासून जरा दूर ठेवतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात. अशा द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. आपण त्याला मऊपणा आणणारे तेल म्हणूया. अनेक वर्षे या कामासाठी थॅलेट वर्गातली तेले सर्रास वापरली गेली. मऊ पी.व्ही.सी.च्या वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा अशा तेलाचा असू शकतो! रेनकोट, रेक्झीन, विजेच्या तारेवरचे वेष्टन, टेबलावर अंथरायचे प्लॅस्टिक या सगळ्यांत ते असते. नव्या रेनकोटच्या ओळखीच्या वासात अशा मिसळलेल्या पदार्थांचा वाटा असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. हे तेल साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते नुसते मध्ये बसलेले असते. भाड्याने राहणारा जसा बरी जागा मिळाली की उठून जातो, तसे शेजारी तेलाला सामावून घेणारे दुसरे काही मिळाले की ते तिकडे निघते. कागदाच्या पुडीत बांधलेल्या चिवड्याचे तेल पुडीत उतरते आणि कागद पारदर्शक होतो, तसेच हे. फरक इतकाच की चिवड्याला एक संध्याकाळ पुरते आणि अल्बमला काही वर्षे लागतात. खोडरबरातले तेल पॉलिस्टायरीनच्या पट्टीत शिरते आणि तिला मऊ करते. (खोडरबराला जे कागदी वेष्टन असते ते निव्वळ शोभेचे नाही. मुले ते पहिल्याच दिवशी फाडून टाकतात.) झेरॉक्सची अक्षरे म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची काळी पूड असते. तेलाने ती पुन्हा मऊ होते आणि जास्त जवळच्या नातेवाइकाला, म्हणजे फाइलला चिकटते. कार्डावरच्या छपाईच्या शाईत आणि वरच्या चकाकीतही अशाच राळेसारख्या पदार्थांचा थर असतो. तो मऊ झाला, त्यावर वरच्या पानांचा दाब पडला आणि मधली हवा निघून गेली की कार्ड आणि कव्हर यांची जोडी जमते.

आपल्या मैत्रिणीने काळजीपोटी दुसरे मऊ कव्हर चढवले तेव्हा तेलाचा साठा दुप्पट झाला. हे तिला सांगताना आम्हाला वाईट वाटले, पण सांगितले.

यात उष्णतेचा वाटा किती? तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. विदर्भातल्या मे महिन्याबद्दल आम्ही काही सांगायला नको. सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि कौलांऐवजी पत्रे असले की माळ्यावर त्याहून पुष्कळ जास्त. प्रयोगशाळेतला थर्मामीटर एका दुपारी माळ्यावर आणि एकदा खालच्या कपाटात ठेवून बघा, आकडे बोलके मिळतात. समजा, दोन ठिकाणी २० अंशांचा फरक आहे. मग माळ्यावर एका उन्हाळ्यात जे घडते त्याला कपाटात चार उन्हाळे लागतील. थंड देशांतल्या पुस्तकांत 'इतकी वर्षे टिकते' असे लिहिलेले असते, ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. चित्रपटांच्या बाबतीतही असाच अनुभव आला होता. १९४८ मध्ये सुरक्षित म्हणून सेल्युलोज ट्रायॲसिटेटची फिल्म बाजारात आली. तिच्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास सुटून ती आक्रसते, अशी पहिली तक्रार काही वर्षांतच उत्पादकाकडे गेली, ती भारत सरकारकडून. गरम आणि दमट हवेत ठेवलेल्या त्या फिल्मनी हा दोष सर्वांच्या आधी उघडा पाडला.

तेलाचे निघून जाणे ही पी.व्ही.सी.ची एक व्याधी झाली. दुसरी व्याधी क्लोरीनची. उष्णता आणि प्रकाशामुळे साखळीतून हायड्रोजन क्लोराइडचे रेणू हळूहळू सुटतात. ओल मिळाली की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. जिथून ते सुटले तिथे साखळीत दुहेरी बंध तयार होतात, असे बंध ओळीने साठत गेले की प्लॅस्टिक पिवळे आणि पुढे तपकिरी दिसू लागते. वाईट भाग असा की सुटलेला हायड्रोजन क्लोराइड जवळच राहिला तर आणखी रेणू सुटायला तो मदत करतो.  नाणी जमवणाऱ्यांना याचा अनुभव आहे. मऊ पी.व्ही.सी.च्या पाकिटात ठेवलेल्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर चढतो. भंडारा तर पितळेसाठी प्रसिद्ध, आणि पितळ म्हणजे तांबे आणि जस्तच. वर्गात करून बघायचे असेल तर घासून लख्ख केलेल्या पितळी पट्टीचे दोन तुकडे घ्या. एक जुन्या मऊ कव्हरात आणि दुसरा साध्या कागदाच्या पाकिटात घालून पावसाळाभर एकाच फळीवर ठेवा. आमचा पहिला पावसाळा फुकट गेला, कारण पट्टी आम्ही बोटांनी हाताळली होती आणि दोन्ही तुकड्यांवर बोटांचे ठसेच काळे पडले. चिमट्याने धरा.

आता दुसरा प्रश्न. नवे कव्हर कोणते आहे हे ओळखायचे कसे? दुकानदाराला विचारले तर "प्लॅस्टिकचे आहे" असे उत्तर मिळते, आणि पाकिटावर बहुधा काही लिहिलेले नसते. कार्डांसाठी चांगली प्लॅस्टिके तीन. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन आणि पॉलिएस्टर. पहिल्या दोन साखळ्यांत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात, क्लोरीन नाही. पॉलिएस्टरमध्ये ऑक्सिजन असतो, पण त्यातही क्लोरीन नाही. आणि लवचीकपणासाठी या तिघांनाही तेल घालावे लागत नाही. ती ओळखायला पाण्याचा पेला, मीठ, तांब्याची तार आणि निळी ज्योत एवढे पुरते.

कव्हराचा नखाएवढा तुकडा पाण्यात टाका. पृष्ठताणामुळे जड तुकडासुद्धा वरच राहू शकतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब घाला आणि तुकडा काडीने पूर्ण बुडवून, चिकटलेले बुडबुडे झटकून सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.९० ते ०.९७ च्या दरम्यान असते. काम झाले, हे कव्हर चालेल. बुडला तर पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घाला. आता वर आला तर बहुधा पॉलिस्टायरीन, म्हणजे आपल्या पट्टीचे प्लॅस्टिक. कडक डब्या त्याच्या असतात. ॲक्रिलिकही इथे तरंगू शकते. मिठाच्या पाण्यातही बुडला तर पॉलिएस्टर किंवा पी.व्ही.सी. यातले एक चांगले, दुसरे नको असलेले. मऊ पी.व्ही.सी.मध्ये तेल फार असेल तर तेही संपृक्त मिठाच्या पाण्यात घुटमळते, तेव्हा पहिल्या पाण्यात बुडालेला प्रत्येक मऊ तुकडा संशयित समजावा.

निवाडा तांब्याच्या तारेने होतो. फ्रिडरिख बाइलस्टाइन याची ही चाचणी, आणि योगायोग असा की तीही १८७२ चीच. विजेच्या तारेतले तांबे सोलून घ्या आणि निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. सुरुवातीला ज्योत हिरवी होईल. घाबरू नका, तारेवरचे वेष्टनच पी.व्ही.सी.चे असते आणि त्याचे अवशेष जळत असतात. हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत तापवत राहा. मग गरम तार कव्हराच्या तुकड्याला टेकवा, म्हणजे थोडे प्लॅस्टिक तारेला चिकटेल, आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत झगझगीत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पी.व्ही.सी. तांबे आणि क्लोरीन यांच्या उडून जाणाऱ्या संयुगामुळे हा रंग येतो. मेणबत्तीची पिवळी ज्योत इथे निरुपयोगी आहे. आणि सावधगिरी: तीळभरच प्लॅस्टिक घ्यावे, प्रयोग उघड्यावर किंवा खिडकीशी करावा आणि तो शिक्षकाने करावा. मुलांनी लांबून बघावे. जळत्या पी.व्ही.सी.चा धूर छातीत जाता कामा नये.

कारध्याच्या शाळेत ही चाचणी केली तेव्हा अल्बमच्या कप्प्याने ज्योत अशी हिरवीगार केली की मागच्या बाकांवरूनही दिसली. कुरकुरीत पिशवी पाण्यावर तरंगली. मग पोरांनी दप्तरातून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली: वहीचे कव्हर, पेनची टोपी, गोळ्यांचा कागद. तास संपला तरी पेला सोडेनात.

एक बारकावा सांगायला हवा. कार्डांच्या शौकिनांसाठी आता जाड, ताठ, पारदर्शक होल्डर मिळतात. त्यांतले बरेचसे ताठ पी.व्ही.सी.चे असतात आणि तारेला हिरवी ज्योत देतात. पण पाइपासारखेच ते तेलाविना बनलेले असल्याने घाम फुटण्याचा धोका त्यांत फार कमी. तरीही कार्ड सरळ त्यात न ठेवता आधी पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ कव्हरात घालून मग होल्डरमध्ये ठेवावे. होल्डर पिवळा पडला, तडकला की बदलून टाकावा. चार कोपऱ्यांना स्क्रू असलेले होल्डर आम्हाला आवडत नाहीत, कारण मुले ते हमखास जास्त आवळतात आणि दाबाने कार्डाची चकाकी काचेसारख्या प्लॅस्टिकला चिकटते.

भंडाऱ्यासारख्या गावात कार्डांची खास कव्हरे मिळतीलच असे नाही. पण शर्ट आणि लग्नपत्रिका ज्या कुरकुर वाजणाऱ्या चकचकीत पिशव्यांत येतात, त्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि पॅकिंगचे सामान विकणाऱ्यांकडे शंभराच्या गठ्ठ्याने मिळतात. पाण्यात टाकून खात्री करून घ्या. तोंडाशी गोंदाची पट्टी असेल तर ती कापून टाका, नाहीतर कार्ड घालता-काढताना नेमके तिलाच चिकटते. शाळेत ओव्हरहेड प्रोजेक्टरची जुनी कोरी पारदर्शक पाने पडून असतील तर त्यांतली बरीचशी पॉलिएस्टरची असतात. अशी दोन पाने कार्डापेक्षा मोठी कापून त्यांच्या दोन कडा टाक्यांनी शिवल्या की उत्तम पाकीट होते. आणि यातले काहीच नसेल तर साध्या कोऱ्या कागदाचे पाकीट मऊ पी.व्ही.सी.पेक्षा केव्हाही चांगले. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची चित्रे वाटली १८९६ मध्ये. तेव्हा प्लॅस्टिकची कव्हरे नव्हती, तरी ती चित्रे जमवणाऱ्यांकडे अजून आहेत.

जुनी कव्हरे काढण्याचे काम आम्ही जानेवारीतल्या एका सकाळी केले. उन्हाळ्यात तेल जास्त पातळ आणि शाई जास्त मऊ असते, पावसाळ्यात कागद ओल धरतो. विदर्भातली थंडी या कामाला सोयीची. कार्ड कव्हरातून ओढायचे नाही, हा पहिला नियम. कव्हराच्या तीन कडा बारीक कात्रीने कापायच्या, कात्री कार्डापासून लांब ठेवून, आणि कव्हर पुस्तकासारखे उघडायचे. कार्ड टेबलावर सपाट राहू द्यायचे आणि प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून स्वतःवरच उलटे दुमडत, अगदी सावकाश सोडवत न्यायचे. केळीचे साल सोलतो तसे वर उचलायचे नाही. थोडाही रंग प्लॅस्टिकवर येताना दिसला की थांबायचे. थांबणे ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण हात म्हणतो, आता थोडेच राहिले.

पाणी, स्पिरिट, थिनर, पेट्रोल यातले काहीही लावायचे नाही. प्लॅस्टिक सुटो न सुटो, शाई नक्की सुटते. सुटलेले तेलकट कार्ड दोन कोऱ्या टीपकागदांत ठेवून वर एक हलके पुस्तक ठेवायचे आणि आठवडाभर रोज कागद बदलायचा. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई उतरते. कागदात उतरलेले तेल पाहून मुलांना चिवड्याची पुडी आठवली, त्यांना वेगळे काही सांगावे लागले नाही. मागच्या बाजूच्या धावांच्या आकड्यांची बेरीज करत बसल्याने काम लांबले ते वेगळे.

नंतर कार्डे नव्या कव्हरांत घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात सैलसर, उभी ठेवली. आडवी रचली तर खालच्यावर वरच्यांचे वजन येते. खोके माळ्यावर नाही, आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून उंच. पुराची आठवण ताजी असल्याने उंची किती यावर घरात बरीच चर्चा झाली. डांबरगोळ्या घालू नयेत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते. कसरीसाठी कपाट कोरडे ठेवणे आणि दिवाळीच्या सफाईत खोके उघडून बघणे हाच उपाय. चाचणीसाठी लागणारे तुकडे वगळता जुनी मऊ कव्हरे घरात ठेवली नाहीत, आणि ती चुलीत घालू नका असे बजावून सांगितले. क्लोरीनवाला धूर घरात नको.

शाळेच्या कपाटातही एकदा नजर टाकावी. जुने दाखले, स्नेहसंमेलनाचे फोटो, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स मऊ फाइलींत असतील तर त्यांचीही वाटचाल त्याच दिशेने चाललेली असते. तिथे कपिल देवचा गाल नाही, कुणाची तरी जन्मतारीख पुसली जाते.

दादाच्या अल्बममधली बहुतेक कार्डे सुटली. काहींच्या चकाकीवर कव्हराची जाळी कायमची उमटली आहे. चार कार्डे मात्र सुटेनात, त्यात सुरुवातीचे कपिल देवचेही आहे. त्यांच्यावरचे प्लॅस्टिक कडेने कापून, चिकटलेला भाग तसाच ठेवून आम्ही प्रत्येक कार्ड कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवले आहे. प्लॅस्टिकची मागची बाजू उघडी असल्याने तेल कमी होत जाईल आणि प्लॅस्टिक ताठ होईल. पुढच्या थंडीत पुन्हा एकदा कोपरा उचलून बघायचा, असे ठरले आहे. भाच्याने पाकिटांवर पेन्सिलने तारीख घातली आहे.